उबो रवता काय?

पार्सल मालवणापर्यंतच येतं.
पुढे सर्जेकोटला ते माझ्या मांडीवर येतं,
बर्फाच्या टेम्पोत,
आणि बस्त्याव गिअर टाकता टाकता विचारतो,
"ह्यो बावलो कितक्याक?"
मी अर्धी किंमत सांगतो.
तीही त्याला जास्तच वाटते.

नवी मालिका आहे. सहा खोकी.
शनीच्या कुठल्याशा चंद्रावरची वसाहत, तिथलं बंड,
तिथला समुद्र मिथेनचा.
खोक्यावर सोनेरी अक्षरांत: बत्तीस सांधे!
मी एकवीस वर्षं अमोनियाचा कॉम्प्रेसर सांभाळतोय,
सांध्यांचं मला सांगू नये.
जितके सांधे तितकी गळती.

पहिला कमांडर.
डावा डोळा अर्ध्या तिळाएवढा सरकून रंगवलेला,
त्यामुळे शत्रूऐवजी तो स्वतःच्या कानाकडे बघतो.
गुडघा सुरेख वाकतो. खांद्यातली खीळ मात्र पोकळ,
आमचा एक मे महिना तिला पुरे.
उचलला तर माकुलाच्या हाडासारखा हलका.

दुसरा, यंत्रमानव. नवा म्हणे.
मी काख वर करून पाहिली:
तीच शिवण, त्याच जागी, चार वर्षांपूर्वीच्या साच्याची.
फक्त निळ्याचा जांभळा केलाय.
शिळ्या बांगड्यावर ताजा बर्फ.

माझं माप भिवामामाने आणलेलं आहे,
जहाजावर तेलवाला होता तेव्हा, कोबेहून.
पत्र्याचा अंतराळवीर, सांधे चार.
आतलं रबर खाऱ्या हवेने खाल्लं,
मी जाळ्याचा तंगूस ओवून हात परत बसवले.
तो कॉम्प्रेसरवर उभा असतो, एका पायावर.
खाली मशीन धडधडतं,
तो नाही पडत.

जयवंती तारी बर्फाला आली.
टोपली खाली ठेवून तिने कमांडर हातात घेतला,
पोटावर अंगठा दाबला,
हेल्मेट कल्ल्यासारखं वर उचललं, हुंगलं.
"वास कसलोच नाय.
मगे ताजो काय शिळो, कसां कळतला?"
मी सांध्यांचं सांगू लागलो.
तिने त्याला ओल्या लादीवर ठेवलं.
"उबो रवता काय?"
नाही राहिला.

पुण्याचे जाणकार फोनवर सांगतात,
सील फोडू नका, दहा वर्षांत दुप्पट होईल.
दहा वर्षं!
इथे खोक्याच्या काचेआड बुरशी
दोन पावसाळ्यांत एखादा देश काढते,
छातीवरची पदकं हिरवी पडतात.
सीलबंद असं काही या किनाऱ्यावर मी पाहिलेलं नाही,
अमोनियाची टाकीसुद्धा नाही.
म्हणून सगळी फोडतो. आणि फोडलेला माल
कंपनी परत घेत नाही.

सहावी उघडताना संध्याकाळ झाली होती.
खोक्यावरच्या चित्रात ती मागे, धुरात, अर्धी.
पंप दुरुस्त करणारी.
बंदूक नाही, हातात पाना,
तिच्या मापाने जरा मोठाच.
बाहीला ठिगळ, ठिगळाचा रंग वेगळा.
आणि बुटांवर, घोट्याच्या खाली,
एक बारीक पांढरी रेघ.

मीठ.

मिथेनच्या समुद्रात मीठ नसणार, मला कळतं.
पण ज्याने कुणी हा पहिला नमुना रंगवला
तो कधीतरी जेटीवरून घरी गेलाय,
आणि बूट वाळल्यावर त्याने बघितलेत.
मी अंगठ्याने रेघ घासली. गेली नाही.
तिला कॉम्प्रेसरवर ठेवलं, पत्र्याच्या शेजारी,
एक पाय उचलून.
हलली.
हलत राहिली.
मी जेवून आलो तरी हलतच होती, उभी.

कमांडर जयवंतीने नेला,
सुकत घातलेल्या सुंगटांवर राखणीला, काठीला बांधून.
दुपारी कावळा त्याच्याच डोक्यावर बसला होता.
उरलेले चौघे पिशवीत आहेत. बघू.

बस्त्यावने आज परत विचारलं, "त्या पान्यावालीक कितके दिलंस?"
मी पहिल्यांदाच पूर्ण किंमत सांगितली.
त्याने टेम्पो कडेला घेतला.
मागे बर्फ ठिबकत होता.